अत्तरगुलाब : सुगंधाच्या तळाशी काय आहे?

बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात दिवसभरात सर्वांत अधिक वेळा उच्चारला जाणारा शब्द कोणता, असे कोणी विचारले तर 'तापा'च्या पाठोपाठ 'जुलाबा'चा क्रमांक लावावा लागेल. लग्नमंडपाच्या दारात मात्र मान असतो तो 'गुलाबा'चा. या दोन शब्दांचे काही नाते असेल अशी शंकाही सहसा कोणाला येत नाही. वस्तुतः ही एकाच शब्दाची दोन रूपे आहेत. फारसीत 'गुल' म्हणजे फूल आणि 'आब' म्हणजे पाणी. म्हणून 'गुलाब' म्हणजे गुलाबाच्या फुलाचे पाणी. अभिजात अरबीत 'ग' हा वर्ण नाही, त्यामुळे अरबांच्या तोंडी त्याचा 'जुलाब' झाला. गुलाबपाण्यात साखर घालून केलेल्या पाकात हकीम मंडळी कडू औषधे कालवून देत. त्या औषधांत रेचकेही असत. पुढे पाकाचे नाव रेचकाला मिळाले आणि रेचकाचे नाव त्याच्या परिणामाला! मराठी घरांत आज गुलाब दिवाणखान्यात आहे आणि जुलाब आमच्या केसपेपरवर आहे.

आणखी एक गंमत पाहा. मराठीने 'गुलाब' हे नाव फुलालाच देऊन टाकले. म्हणजे फुलाला आपण त्याच्या अर्काच्या नावाने ओळखतो. मूळ अर्थ जिवंत राहिला तो 'अत्तरगुलाब' या जोडशब्दात. अत्तरगुलाब आणि पानसुपारी झाल्यावर सभा विसर्जन पावली, असा शेवट जुन्या मराठी सभावृत्तांतांत हमखास असे. त्यातला 'गुलाब' म्हणजे फूल नव्हे. गुलाबदाणीतून शिंपडलेले पाणी. आमच्या हुबळी-धारवाडात कन्नड शेजारी त्याच पाण्याला 'पन्नीरु' म्हणतात. 'नीरु' म्हणजे पाणीच. वरपक्ष मराठी आणि वधूपक्ष कन्नड अशा लग्नात दारात गुलाबदाणी एकच असते, तिच्यातल्या पाण्याला नावे मात्र दोन असतात.

वैद्यकीय व्यावसायिकांच्या स्मरणिकेत अत्तरावर लेख कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तरही एका शब्दातच आहे. 'अत्तार' या अरबी-फारसी शब्दाचा अर्थ सुगंधी द्रव्ये विकणारा आणि औषधे विकणारा असा दुहेरी आहे. प्रसिद्ध फारसी सूफी कवी फरीदुद्दीन अत्तार यांचे नाव याच व्यवसायावरून पडले. औषधाची बाटली आणि अत्तराची कुपी शतकानुशतके एकाच दुकानात, एकाच फळीवर होती. आज ती दुकाने वेगळी झाली. पण तान्ह्या बाळाच्या अंगावर दोन्ही बाटल्या अजून एकत्र येतात. म्हणून हा विषय.

तेलातून वाफेकडे

फुलाचा गंध पकडून ठेवण्याची सर्वांत जुनी युक्ती वाफेची नसून तेलाची आहे. ग्रीक लोक गुलाबाच्या पाकळ्या तेलात मुरवत. आपल्याकडे तिळांचे थर आणि फुलांचे थर एकाआड एक रचून तिळांना वास लागू देत आणि मग ते तीळ घाण्यात घालीत. तेच फुलेल तेल. सुगंध तयार करण्याचे शास्त्र, म्हणजे 'गंधयुक्ती', आपल्याकडे फार प्रगत होते. सहाव्या शतकात वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त त्यावर एक स्वतंत्र अध्यायच लिहिला. सोळा द्रव्यांतून चार-चार निवडून, त्यांची प्रमाणे बदलत १,७४,७२० प्रकारचे सुगंध सिद्ध करता येतात, असा हिशेब त्याने तेथे मांडला आहे. गणित शिकलेल्याने तो पडताळून पाहावा. तो बरोबर येतो. त्या सोळा द्रव्यांत वाळा आहे, अगरू आहे, कापूर आहे, चंदन आहे, गुलाब नाही.

आपल्या प्रदेशापुरते बोलायचे तर बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' रचला. मराठीचे जुने नमुने ज्यात सापडतात म्हणून आपण तो ग्रंथ ओळखतो, त्यातच राजाच्या स्नानाची तेले आणि अंगाच्या उट्या यांचे तपशीलवार वर्णन आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे (१८९१–१९६१) यांनी या विषयावर अनेक निबंध लिहिले. गंगाधराचा 'गंधसार' आणि अज्ञात कर्त्याचा 'गंधवाद' हे दोन ग्रंथ त्यांनी अभ्यासकांपुढे आणले. त्यांपैकी 'गंधवादा'वर मराठीत टीका आहे, ही गोष्ट आपल्याला विशेष अभिमानाची वाटावी. सुगंधाच्या कृती समजावून सांगायला आपल्या भाषेला तेव्हाही अडचण पडली नव्हती. हे दोन्ही ग्रंथ बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने १९८९ मध्ये छापून प्रसिद्ध केले.

ऊर्ध्वपातनाची भांडी भारतीय उपखंडात प्राचीन काळापासून होती. तक्षशिलेच्या उत्खननात मातीची तशी भांडी सापडली आणि त्यांची रचना आजच्या अत्तराच्या भट्टीशी पुष्कळ जुळते. त्यांत नेमके काय गाळले जात असे, याविषयी विद्वानांत वाद आहे. गुलाबाचा वाफेशी विवाह लागला तो मात्र इराण-इराकच्या प्रदेशात. नवव्या शतकात बगदादच्या अल्-किंदी या तत्त्वज्ञाने सुगंधांच्या ऊर्ध्वपातनावर कृतींचा ग्रंथ लिहिला. इराणच्या फार्स प्रांतातून खलिफाला दरवर्षी गुलाबपाण्याच्या ३०,००० कुप्या खंडणीदाखल जात, अशी नोंद इब्न खल्दूनने केली आहे. तेथून ते पाणी समुद्रमार्गे भारतात आणि चीनपर्यंत पोहोचले, आणि पाण्यामागोमाग भट्टीही आली.

विजापूर आणि मोगल दरबार

धारवाडचा किल्ला १५७३ मध्ये आदिलशाहीत गेला. त्यानंतर काही वर्षांनी विजापूरच्या गादीवर दुसरा इब्राहिम आदिलशहा (कारकीर्द १५८०–१६२७) आला. संगीत आणि 'नवरस' या कल्पनेने झपाटलेला हा सुलतान. त्याच्या दरबारात 'इत्र-ए-नौरसशाही' नावाचा सुगंधांवरचा फारसी ग्रंथ सिद्ध झाला. खोली, वस्त्रे, स्नान या प्रत्येकासाठी कोणता गंध योजावा, याचा विचार त्यात आहे. संस्कृत गंधयुक्तीची परंपरा आणि इराणी गुलाबपाणी यांची भेट ज्या भूमीत झाली, त्यात आपले दख्खन अग्रभागी होते, हे यावरून ध्यानात येते.

त्याच सुमारास उत्तरेत एक वेगळी घटना घडली. गुलाबाचे अत्तर नूरजहानने शोधले, अशी आख्यायिका सर्वत्र सांगितली जाते. गुलाबपाण्याने भरलेल्या कालव्यातून नौकाविहार करताना तिला पाण्यावर तवंग दिसला, असा त्यातला रम्य भाग. प्रत्यक्ष जहांगिराने आपल्या आत्मचरित्रात ही हकीकत निराळी सांगितली आहे. १६१४ च्या नोंदींत तो लिहितो की, हा शोध नूरजहानच्या आईचा. ती गुलाबपाणी काढीत असताना, गरम पाणी ज्या ताटल्यांत ओतले जाई त्यांवर साय धरते असे तिला दिसले. ती साय तिने थोडी थोडी करून जमा केली. तिचा एक थेंब तळहातावर चोळला तरी सारी सभा दरवळते, अशी तिची थोरवी त्याने गायिली, तिला मोत्यांची माळ बक्षीस दिली, आणि सलीमा सुलतान बेगमने त्या द्रव्याला 'इत्र-ए-जहांगिरी' असे नाव ठेवले.

आख्यायिकेपेक्षा ही सत्यकथा मला अधिक मोलाची वाटते. तिच्यात कालवा नाही, नौका नाही. रोजचेच काम करीत असलेल्या एका बाईने पाण्यावरच्या सायीकडे लक्ष दिले, एवढेच आहे. वैद्यकशास्त्रातील कितीतरी शोध याच जातीचे आहेत. (जहांगीर आणि इब्राहिम आदिलशहा हे दोघेही सुगंधाचे भोक्ते एकाच वर्षी, १६२७ मध्ये, निवर्तले, हा योगायोगही नोंदवण्याजोगा.)

देग आणि भपका

पुढील काळात गंगाकाठचे गाझीपूर गुलाबपाण्यासाठी विख्यात झाले. १८२४ मध्ये बिशप हेबर नदीतून प्रवास करीत तेथे थांबला, तेव्हा गावाभोवती शेकडो एकर गुलाबाची शेते असल्याचे त्याने लिहून ठेवले. अत्तराची राजधानी मात्र कनौज. तेथील अत्तराला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तेथे 'देग-भपका' पद्धत आजही चालू आहे.

देग म्हणजे तांब्याचे मोठे भांडे. त्यात पाणी आणि पहाटे तोडलेली फुले घालतात. झाकण ठेवून कडेच्या फटी चिकणमाती आणि कापूस यांच्या लगद्याने लिंपतात. खाली लाकडाचा किंवा शेण्यांचा विस्तव. झाकणातून निघालेली, सुतळी गुंडाळलेली बांबूची नळी दुसऱ्या तांब्याच्या भांड्यात जाते, तो भपका. भपका थंड पाण्याच्या हौदात बुडवून ठेवलेला असतो. त्यात आधीच चंदनाचे तेल घातलेले असते, आणि सारी किमया येथेच आहे. गुलाबाची वाफ तेथे निवते; सुगंधी रेणू चंदनतेलात शिरतात, पाणी खाली बसते. ते पाणी काढून पुन्हा देगेत ओततात आणि दुसऱ्या दिवशी नवी फुले घालतात. असे कित्येक दिवस चालते, तेव्हा चंदनतेल गुलाबाने तृप्त होते. विस्तव किती ठेवावा आणि भपका केव्हा बदलावा, हे कारागीर हाताच्या स्पर्शावरून आणि आतल्या आवाजावरून ठरवतो. तेथे तापमापक नसतो. शेवटी अत्तर चामड्याच्या कुप्यांत भरून ठेवीत. चामड्यातून उरलासुरला ओलावा उडून जाई आणि अत्तर आत राही.

फुले पहाटेच का तोडायची? कारण ऊन वाढू लागले की पाकळ्यांतील तेल उडू लागते. दुपारच्या फुलांत ते बरेच कमी भरते. शिवाय कोणताही गुलाब चालत नाही. हारातले किंवा पुष्पगुच्छातले टपोरे गुलाब रंगासाठी आणि टिकाऊपणासाठी निपजवलेले असतात. त्यांच्यात तेल फारसे नसते. अत्तराला हवा असतो तो दमास्क गुलाब, म्हणजे आपल्याकडचा चैती गुलाब. हे झुडूप संकरज आहे, आणि त्याला एक नव्हे तर तीन पूर्वज आहेत, असे २००० साली प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासातून दिसून आले. वर्षातून एकदाच, वसंतात, काही आठवडे ते फुलते. एक किलो शुद्ध तेलासाठी तीन ते चार टन फुले लागतात. एका फुलाचे वजन दोन-तीन ग्रॅम धरले, तर ही संख्या पंधरा लाखांच्या घरात जाते. आणि त्यातले प्रत्येक फूल कोणीतरी सूर्योदयापूर्वी उठून हाताने खुडलेले असते.

तेलात काय जाते, पाण्यात काय उरते

गुलाबाच्या तेलातील जिरॅनिऑल या द्रव्याचा उत्कलनबिंदू सुमारे २३० अंश सेल्सिअस आहे. मग ते १०० अंशांच्या आत उकळणाऱ्या पाण्याबरोबर वर कसे येते? परस्परांत न मिसळणारी दोन द्रव्ये एकत्र उकळली की दोघांचे बाष्पदाब एकमेकांत मिळवले जातात, आणि मिश्रण पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या थोडे खालीच उकळू लागते. त्यामुळे नाजूक द्रव्य न जळता पाण्याच्या खांद्यावर बसून वर येते. अकराव्या इयत्तेत पाठ केलेला हा नियम अत्तराच्या भट्टीने कैक शतके आधी हाताळला होता.

परंतु वाफ साऱ्याच गंधाला सारखा न्याय देत नाही. फिनाइल एथिल अल्कोहोल हा गुलाबाच्या गंधाचा एक मोठा वाटेकरी पाण्यात बराच विरघळतो. त्यामुळे तो तेलात न येता गुलाबपाण्यातच राहतो. गुलाबपाण्याचा सौम्य गोडवा त्याचाच, आणि शुद्ध गुलाबतेल हुंगल्यावर ताज्या फुलाची काहीशी उणीव भासते तीही त्यामुळेच. फ्रान्समधील ग्रास या गावच्या सुगंधकारांनी वेगळा मार्ग धरला. ते पाकळ्या हेक्झेनसारख्या द्रावकात भिजवून आधी मेणचट अर्क आणि मग मद्यार्काने धुऊन शुद्ध अर्क काढतात. उष्णता न लागल्यामुळे आणि पाण्यात काही वाहून न गेल्यामुळे हा अर्क फुलाच्या अधिक जवळ असतो. बल्गेरियातील काझानलिक आणि तुर्कस्तानातील इस्पार्ता येथे मात्र प्रामुख्याने वाफेनेच तेल काढतात.

या तेलात एक टक्क्याहूनही किती तरी कमी प्रमाणात असलेले बीटा-डॅमॅस्केनोन नावाचे द्रव्य आहे. स्विस रसायनशास्त्रज्ञांनी १९७० मध्ये ते ओळखले. मोजमापात ते नगण्य. पण नाकाला गुलाब 'गुलाब' वाटतो तो बव्हंशी त्याच्यामुळे. वजनावरून महत्त्व ठरवू नये, हा धडा कमी वजनाची अर्भके सांभाळणाऱ्या आम्हांला नवा नाही!

खानदेशचे गवत

एवढे महाग तेल म्हटल्यावर भेसळ आलीच. आणि गुलाबतेलातील भेसळीच्या जागतिक इतिहासात आपल्या खानदेशाचे नाव आहे. सातपुड्याच्या उतारांवर आणि निमाड-खानदेशात रोशा गवत उगवते. आदिवासी बांधव भट्ट्या लावून त्याचे तेल काढीत. त्या तेलाचा मुख्य घटक जिरॅनिऑल, म्हणजे गुलाबाचाच सगा. एकोणिसाव्या शतकात हे तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे कॉन्स्टँटिनोपलला जाई आणि तेथून बल्गेरियाच्या गुलाबतेलात मिसळले जाई. युरोपीय सुंदरींच्या रुमालाला येणाऱ्या गुलाबाच्या वासात सातपुड्याच्या गवताचा वाटा असे, आणि त्याचा पत्ता ना त्या सुंदरीला असे, ना भट्टी लावणाऱ्या भिल्लाला.

खरेखोटे पारखण्याची जुन्या व्यापाऱ्यांची एक साधी कसोटी होती. शुद्ध गुलाबतेलात मेणासारखा घटक असतो. त्यामुळे विसाएक अंशांच्या आसपास ते गढूळ होऊन गोठू लागते. धारवाडच्या पौषातल्या पहाटे असे तेल बाटलीत स्फटिक धरील. भेसळ करणारेही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. ते वरून निराळे मेण घालीत. आज ही पारख गॅस क्रोमॅटोग्राफी या यंत्रपद्धतीने होते.

कर्नाटकाचा आधार

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. कनौजच्या गुलाब-अत्तराचा गुलाब उत्तरेचा. पण त्याच्या खालचे चंदन दक्षिणेचे, आणि त्यात म्हैसूरच्या चंदनाचा मान पहिला. चंदनतेल सावकाश उडते. स्वतःचा आवाज फार चढू न देता ते दुसऱ्याचा गंध तासन् तास धरून ठेवते. गाणाऱ्याच्या मागे तंबोरा असावा तसे. किराणा घराण्याच्या सुरांत वाढलेल्या आपल्या गावांना ही उपमा समजावून सांगण्याची गरज नाही. बालगंधर्वांचा अत्तराचा शौक मराठी रसिकांना ठाऊक आहेच. त्या अत्तरांच्या तळाशीही कोठल्या तरी रानातले चंदनच होते.

टिपू सुलतानाने १७९२ मध्ये चंदनाला राजवृक्ष ठरवून त्यावर राज्याचा हक्क सांगितला. पहिल्या महायुद्धापूर्वी म्हैसूरचे चंदन मोठ्या प्रमाणात जर्मनीत जाऊन तेथे त्याचे तेल निघे. युद्धाने तो व्यापार थांबला, तेव्हा म्हैसूर संस्थानाने १९१६ मध्ये स्वतःच तेल काढण्यास प्रारंभ केला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील रसायनशास्त्रज्ञांचे साहाय्य त्यास लाभले. पण झाड मात्र आटत गेले. कोडगूमध्ये १८९९ साली प्रथम नोंदल्या गेलेल्या 'स्पाइक' रोगाने असंख्य झाडे मारली; चोरतोडीने उरलेली नेली. वीरप्पनचे नाव यासंदर्भात साऱ्या देशाला ठाऊक झाले. खासगी जमिनीवरील झाडही सरकारचेच, या नियमामुळे शेतकरी उगवलेले रोप उपटून टाकी. नको तो चौकशीचा ससेमिरा! कर्नाटकाने २००१ मध्ये कायदा बदलून मालकी जमीनधारकाला दिली. पण चंदनाचा गाभा तयार व्हायला पंधरा-वीस वर्षे लागतात. झालेली हानी कायद्याच्या एका दुरुस्तीने लगेच भरून निघत नाही.

परिणाम असा झाला की, चंदनतेल महाग आणि दुर्मीळ झाले आणि अत्तराचा तळ बदलला. आज स्वस्त अत्तरांत चंदनाच्या जागी द्रव पॅराफिन किंवा थॅलेट वर्गातील द्रावके असतात आणि गुलाबाच्या जागी प्रयोगशाळेतील संयुगे. कुपी तीच, नाव तेच, फाया तोच. फक्त तळाशी जे होते ते आता तेथे नाही.

दवाखान्यातून

काही वर्षांपूर्वी एक आजी महिनाभराच्या नातवाला घेऊन आल्या. डाव्या डोळ्यातून पाणी आणि चिकट स्राव. दोन आठवडे त्या दुकानातले गुलाबपाणी थेंबथेंब घालीत होत्या. डोळा आता लाल झाला होता. बाळाची अश्रुनलिका पूर्ण उघडलेली नव्हती. हे नेहमीचेच असते. हलक्या बोटाने नाकाच्या कडेला मालीश केली, तर सुमारे नव्वद टक्के बाळांची नलिका वर्षाच्या आत आपोआप मोकळी होते. मी गुलाबपाणी बंद करायला सांगितले, तेव्हा आजींनी शांतपणे विचारले, "डॉक्टर, माझ्या सासूबाईंनी माझ्या चारही मुलांच्या डोळ्यांत हेच घातलं. तेव्हा कसं चाललं?"

हा प्रश्न हसून सोडून देण्यासारखा नाही. त्याचे प्रामाणिक उत्तर दोन भागांत द्यावे लागते. पहिला भाग असा की, तेव्हाही बऱ्याच बाळांचे डोळे गुलाबपाण्यामुळे नव्हे, तर निसर्गक्रमाने बरे होत. श्रेय मात्र बाटलीला मिळे. दुसरा भाग असा की, भट्टीतून नुकतेच उतरलेले गुलाबपाणी हे वाफेचे पाणी असते. त्या क्षणी ते पुष्कळसे निर्जंतुक असते. फळीवर महिनोन् महिने उघडझाप होणारी बाटली तशी राहत नाही. साध्या पाण्यातही वाढू शकणारे जंतू आहेत आणि डोळ्याला त्यांच्यापासून गंभीर इजा होऊ शकते. शिवाय बाटलीत गुलाब आहे की केवळ सुगंधी द्रव्य आणि परिरक्षक घातलेले पाणी आहे, हे लेबल वाचल्याशिवाय कळत नाही. आजींना हे पटले. निघताना त्या म्हणाल्या, "म्हणजे पाणी बदललं, नाव नाही बदललं." मला एवढ्या थोडक्यात सांगता आले नसते.

तान्ह्या मुलांच्या बाबतीत आणखी काही गोष्टी सांगितल्या पाहिजेत. नवजात बाळाच्या त्वचेचे क्षेत्रफळ वजनाच्या मानाने प्रौढाच्या सुमारे अडीच पट असते. त्वचेवर जे लावाल त्याचा अंश त्याच प्रमाणात अधिक शोषला जातो. बारशाला बाळाच्या मनगटाला अत्तर चोळणे म्हणूनच टाळावे. कानात अत्तराचा फाया ठेवण्याची आपली प्रथा मोठ्यांपुरती ठेवावी. लहान मुलांच्या कानांतून असे कापसाचे बोळे मी पुष्कळ काढले आहेत. तेलकट द्रव्य नाकात सोडणे तर फारच धोक्याचे. ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया करते.

'नैसर्गिक आहे ना, मग निर्धोक', हाही भ्रम आहे. गुलाबतेलातील जिरॅनिऑल आणि सिट्रोनेलॉल ही दोन्ही द्रव्ये युरोपीय संघाने २००३ मध्ये केलेल्या २६ अ‍ॅलर्जीकारक सुगंधी द्रव्यांच्या यादीत आहेत. अस्सल गुलाबतेलात अल्प प्रमाणात असणाऱ्या मिथाइल युजेनॉलला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ मध्ये 'संभाव्यतः कर्करोगकारक' या गटात वरच्या पायरीवर नेले. याचा अर्थ गुलाब हुंगू नये असा नाही. प्रमाण आणि वय यांचा विचार करावा, एवढाच आहे.

आणि एक गोष्ट औषधाच्या पलीकडची. ऑक्सफर्डच्या एडन मॅक्फार्लेन यांनी १९७५ मध्ये केलेल्या प्रयोगात, सहा दिवसांची बाळे आपल्या आईच्या दुधाने ओल्या झालेल्या कापडी पट्टीकडे तोंड वळवतात, दुसऱ्या आईच्या पट्टीकडे तितकी वळवत नाहीत, असे दिसले. दृष्टी धूसर असण्याच्या वयात बाळ आईला वासाने ओळखते. बाळंतिणीच्या खोलीत त्या वासावर दुसरा कोणताही गंध, मग तो कितीही मोलाचा असो, चढू देऊ नये.

तेव्हा करावे काय?

अत्तरगुलाबाची प्रथा बंद करा, असे मी मुळीच म्हणणार नाही. माझ्या घरी आजीची चांदीची गुलाबदाणी आहे आणि घरच्या कार्यात ती निघतेच. सुगंधाने पाहुण्याचे स्वागत करणारी संस्कृती ही फार शालीन संस्कृती होय. फक्त विकत घेताना लेबल वाचावे. अत्तर घेताना विक्रेत्याला गुलाबाविषयी विचारतो, तसेच 'आधार कशाचा?' हेही विचारावे. कनौजच्या किंवा अन्य ठिकाणच्या अस्सल भट्टीचे अत्तर थोडेच घ्यावे. ते महाग असणारच, कारण त्यात लाखो फुले आणि पंधरा वर्षांचे एक झाड असते. मंडपाच्या दारात गुलाबदाणी हातात घेणाऱ्या मुलींना सांगावे की, कडेवरच्या बाळाच्या तोंडावर शिंपडू नका. त्याच्या आईच्या पदरावर दोन थेंब पुरेत.

आपल्यापैकी काही डॉक्टरांची धारवाड-कलघटगी भागात थोडीफार शेती आहे. बांधावर चंदनाची चार रोपे लावण्याची आता कायद्याने मुभा आहे. चंदन अर्धपरोपजीवी असल्यामुळे त्याच्या मुळांना शेजारी दुसरे झाड लागते. तूर किंवा करंज त्याला चालतो. आज लावलेल्या रोपाचा गाभा भरेल तेव्हा आमची पिढी निवृत्त झालेली असेल आणि आज आमच्याकडे लस टोचून घेणारी मुले कमावती झालेली असतील. त्यांच्या लग्नात अत्तरगुलाब होईल, त्या अत्तराच्या तळाशी चंदन असावे, एवढी तजवीज आपल्या हातून व्हावी.